न दिलेली किल्ली

गाडी थांबली. बौद्ध सूत्राचं पुस्तक गुंडाळलेलं जांभळं फडकं छातीशी धरून मी डाव्या दाराने उतरले, पाय गुडघ्यापर्यंत बर्फात गेला, आणि पाठीमागून एक आवाज आला. कर्रकट्. अक्रोड फुटावा एवढाच. आईंनी हँडब्रेक ओढला होता. जपानच्या टोकाच्या आमच्या या उत्तर होक्काइदोत नोव्हेंबर लागला की हँडब्रेकला कोणी हात लावत नाही, तो एप्रिलपर्यंत. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, इंजिन बंद करायचं, काचेला चिकटून बसू नयेत म्हणून वायपर उभे करायचे आणि आत जायचं. ब्रेक ओढला, तर चाकाच्या पोटात शिरलेलं पाणी तासाभरात गोठतं, आतला ब्रेक चाकाला घट्ट धरून बसतो आणि गाडी जागची हलत नाही. हे इथे कोणी कोणाला शिकवत नाही. शिकवायचंच झालं तर आईंनी शिकवावं. माझ्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि पन्नास हिवाळे त्यांनी या डोंगरात गाडी हाकली आहे. मी वळून पाहिलं. त्या नेहमीसारख्या गुणगुणत वायपर उभे करत होत्या, एक, मग दुसरा, बोटांच्या टोकांनी, फुलदाणीत फांदी खोचावी तसे. त्यांना कळलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. गार हवा दातांना लागली. आणि मी काही बोलले नाही.

का नाही बोलले? दारापर्यंतच्या वीस पावलांत मी स्वतःला हेच विचारत होते. थंडी होती म्हणून, आई पुढे निघून गेल्या म्हणून, पुस्तक ओलं होईल म्हणून. पण सकाळी माझ्या यजमानांनी जे सांगितलं ते त्या वीस पावलांत माझ्या बरोबरीने चालत होतं. सकाळी सहाला मी बुद्धापुढे बसून रोजची तीन वचनं म्हटली होती. आज कुठल्या जिवाला दुखवणार नाही. आज न दिलेलं घेणार नाही. आज खोटं बोलणार नाही. फक्त आजच्यापुरतं, उद्याचं उद्या. एकतीस वर्षांपूर्वी दक्षिणेच्या समुद्राकाठून, जिथे बर्फ म्हणजे फक्त शीतपेटीतलं, तिथून या देवळात सून होऊन आले त्या आठवड्यात हा नेम धरला, आणि तापात पडले तरी मोडला नाही. वचनं म्हणून उठले, तोच शेजारच्या खोलीतून यजमानांनी हाक मारली. छपरावरचं बर्फ लोटताना त्यांची कंबर धरली होती. देवळाचे पुजारी पोटाखाली उशी घेऊन पालथे पडले होते. "नामिए, आज तोमाबेचींकडे तूच सूत्र म्हण. आई गाडी काढेल. आणि परत आलात की तिच्याकडून किल्ली मागून घे. तुझं ऐकते ती."

"तुम्हीच का नाही मागत?"

"नव्या वर्षाला मागितली होती ना! म्हणाली, तू अंथरूण ओलं करायचास तेव्हा मी तुझ्याकडून काही काढून घेतलं होतं का?"

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. "डिसेंबरचं विसरलीस?" ते उशीत तोंड घालून म्हणाले. विसरले नव्हते. डिसेंबरात आई एकट्या फुलं पोचवायला गेल्या त्या आल्याच नाहीत. दुधाच्या टँकरवाल्याला सापडल्या, ओळखीच्याच रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू ठेवून गाडीत बसलेल्या. दोन तास. म्हणाल्या, बर्फ बघत होते. ते बर्फ गाडीभोवती चढत सायलेन्सरच्या तोंडापासून चार बोटांवर आलं होतं. तोंड बुजलं असतं तर धूर आत वळला असता, आणि धुराने आधी झोप येते. झोपेतून मग कोणी उठत नाही. त्या दिवसापासून किल्ली हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात बोलला जातो. पण आई किल्ली कोणाला देत नाहीत, आणि न दिलेलं मी घेत नाही. मग ब्रेकच गोठला तर? तोमाबेचींच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांदेखत? मग कोणाला काही मागावंच लागणार नव्हतं.

हे मी विचार करून ठरवलं नाही. एवढंच म्हणते. पण तोंड मिटलं होतं ते माझंच.

तोमाबेची दारातच उभे होते, हातात फावडं, भुवयांवर हिमाचे मणी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, गाई विकून टाकल्यापासून एकटेच. बायको, फुसाताई, पाच वर्षांपूर्वी सतरा तारखेला गेल्या. दर महिन्याच्या सतराला देवळातून कोणीतरी जाऊन त्यांच्या देव्हाऱ्यापुढे सूत्र म्हणायचं, ही इकडची रीत. पाच वर्षांत एक सतरा चुकली नाही. हिवाळ्यातल्या सगळ्या आईंनी निभावल्या.

"थोरल्या बाई! मी म्हटलं, आज बुद्धसुद्धा घरी शेगडीपाशी बसला असेल."

"तो बसेल. त्याला कोण विचारतंय? आम्हाला फुसाने रागावलं असतं." आई बूट झटकत म्हणाल्या. "आणि तू हे अंगण पहाटेपासून उपसतोयस ना? मरशील एक दिवस फावड्याला मिठी मारून. मग अठरा तारखेलाही यावं लागेल आम्हाला."

तोमाबेची हसले, आणि माझ्याकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते दर हिवाळ्यात, दर महिन्यात, याच उंबऱ्यावर विचारतात. "काय धाकट्या बाई, हँडब्रेक नाही ना ओढलात?"

हा आमच्या साऱ्या खोऱ्याचा विनोद आहे. माझा पहिला हिवाळा. आईंनी मला गाडी शिकवायला घेतली होती, मी पुढच्या गल्लीतल्या घरापर्यंत चालवत गेले, थांबले, आणि माझ्या गावच्या उतारांवर बापाने घोटून घेतलेल्या सवयीने ब्रेक खाच्चकन ओढला. बाहेर आले तर गाडी जमिनीत पेरलेली. आई त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना बर्फात बसावं लागलं. मग त्यांनी ती गोष्ट लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, एकदा तर अंत्यविधीनंतरच्या जेवणात सांगितली, आणि मेलेल्या माणसाची मुलं हसली. मला त्याचं दुःख झालं नाही. पण खोल बर्फात मी त्यानंतर गाडी घातली नाही. साफ रस्त्यावर, उन्हाळ्यात, चालवते. हिवाळा आईंचा.

"नाही," मी तोमाबेचींना म्हणाले. "मी नाही ओढला."

शब्द न् शब्द खरा होता. आई खळखळून हसल्या, आणि मी मान खाली घालून आत गेले.

देव्हाऱ्यापुढे बसून घंटेच्या वाटीवर काठी टेकवली. आवाज लांबत गेला, त्यात बाहेरची थंडी मिसळली. वजा चौदा अंश. सूत्र माझ्या तोंडाला पाठ आहे, तोंड म्हणत राहतं; मन अंगणात गाडीखाली शिरून मागच्या चाकांशी बसलं होतं, तिथे पाण्याचा एक एक थेंब पांढरा होत होता. आणि त्याच गाडीने, त्याच बाईंनी, तासापूर्वी मला काय दाखवलं होतं! पुलापर्यंत रस्त्यावरचं बर्फ सारलेलं होतं. पुढे चार किलोमीटर काही नाही. रात्रीत मांडीएवढं पडलं होतं, रस्ता आणि शेत यांच्यात फरक उरला नव्हता. फक्त उंच खांबांवरचे लाल-पांढरे बाण, खाली बोट दाखवत, की कड इथे आहे. आई उतरल्या, फावड्याचा दांडा बर्फात खुपसला, वाकून वास घेतल्यासारखं केलं. "भुसभुशीत आहे. जाऊ." गाडी आमची छोटी, चौकोनी, खेळण्यातल्या डब्यासारखी, वीस वर्षांची, पण चारही चाकांना जोर असलेली. आईंनी खोल बर्फासाठीचा तो दुसरा, बुटका गिअर टाकला, आणि डब्याचा आवाज एकदम जड, शांत झाला, ओझं उचलण्याआधी हमाल घसा खाकरतो तसा. "श्वास घे," त्या मला म्हणाल्या. "तू श्वास धरलास की गाडीला कळतं."

मग आम्ही त्या पांढऱ्यात शिरलो. बर्फ बॉनेटवरून येऊन काचेवर फुटत होतं आणि आवाज मात्र नव्हता, फक्त पोटाखाली एक सतत घासणं, कापडावरून हात फिरवल्यासारखं. आई स्टिअरिंग धरत नाहीत. त्याच्यावर हात ठेवतात, ताप आहे का बघायला कपाळावर ठेवावा तसा. ब्रेकला पाय नाही. वेग एकच, कमी नाही, जास्त नाही. पुढचं एक चाक निसटलं, गाडीने अंग झाडलं, माझा हात दाराच्या कडीला गेला. आणि तेवढ्यात मागच्यांनी मुकाट्याने भार उचलला, निसटलेलं चाक चाचपडत जागेवर आलं. चारही चाकं ओढतात म्हणजे काय, हे यजमानांनी मला एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. कागदावर बाण होते. हे बाणांत नव्हतं. कोणी पडलं तर बाकीचे थांबत नाहीत, रागावत नाहीत, फक्त थोडं जास्त ओढतात. रोज सकाळी ज्याच्यापुढे बसते त्याच्याकडे मी याहून वेगळं काय मागते? "मागचं डावं," आई म्हणाल्या, "जरा लाडात आलंय." "तुम्हाला कसं कळतं?" "बुडाला कळतं. डोळ्यांवर विसंबू नकोस. बर्फात आधी डोळे वेडे होतात."

आडव्या वाऱ्याने रस्त्यावर बांध घातला होता, तिथे गाडी रुतली. मी असते तर चाकं गरगरवली असती. आईंनी पाय काढून घेतला. स्वतःच्याच चाकोरीतून मागे, सावकाश, जसं पाहुण्याच्या खोलीतून मागे सरावं, मग पुढे, बांध हातभर ढासळला, पुन्हा मागे. "घाई केली की बर्फाची काच होते. त्याला नुसतं सुचवायचं, बाजूला हो म्हणून." मी उतरून सायलेन्सरभोवतीचं बर्फ काढलं, ते काम माझं, आणि फावडं मारताना डिसेंबरची ती चार बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. चौथ्या खेपेला आम्ही पार झालो, गाडी बांधावरून तरंगत उतरली, आणि त्याच क्षणी वाऱ्याने सगळं पुसून टाकलं. बाण गेले. बॉनेट गेलं. काचेपलीकडे फक्त एक उजळ, हलणारं काहीच नाही. आईंनी काच खाली केली, चेहरा बाहेर काढला, डोळे मिटले. "ऐक. लार्चच्या झाडांची रांग. डाव्या हाताला. वळण अजून यायचंय." मला वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या मिटलेल्या चेहऱ्यावर बर्फ बसत होतं, वितळत होतं, आणि गाडी चालत होती. माझ्या मनात आलं, असं बसून जर माणसाने कधी ध्यान केलं तर त्याला आणखी काही करायला नको. झाडांचा आवाज सरला, आईंनी दोन बोटांनी स्टिअरिंग वळवलं, आणि वारा पडला तेव्हा आम्ही रस्त्याच्या बरोबर मधोमध होतो, फाट्याच्या तोंडाशी.

तिथे त्या थांबल्या. जरा जास्तच. "कोणाकडे निघालोय ग आपण?"

"तोमाबेचींकडे, आई."

"ते माहितीये मला," त्या तुटकपणे म्हणाल्या, आणि वळल्या.

घंटा वाजवली. सूत्र संपलं होतं. फोटोतल्या फुसाताई चष्म्यामागून माझ्याकडे बघत होत्या. मग चहा, तोमाबेचींनी केलेल्या लाल भोपळ्याच्या तव्यावरच्या वड्या, बाहेरून कडक, आत चिकट. आईंनी तिसरी घेतली. "मीठ विसरलास." "फुसाची वही आहे, तिच्यात मीठ लिहिलेलंच नाही." "तिने लिहिलं नाही, कारण तू एवढा मूर्ख असशील हे तिला माहीत नव्हतं." शेगडीपाशी आईंना डुलकी लागली. अजूनही उठता आलं असतं. 'गाडीतून काहीतरी आणते' म्हणून बाहेर जायचं, दांडी खाली करायची, कोणाला कळलं नसतं. माझा गुडघा उचललाही होता. आईंच्या हनुवटीला भोपळ्याचा एक कण लागलेला होता आणि त्या झोपेत डावा हात हलवत होत्या, हलकेच, गिअर बदलल्यासारखा. मी बसून राहिले.

तास झाला होता. बाहेर आलो, आई बसल्या, इंजिन सुरू झालं, गिअर पडला, आणि गाडीने फक्त मान हलवली. पुन्हा. पुढची चाकं खरवडत होती, मागची दोन गाठोड्यांसारखी पडून. गाडी हातभर फरफटली आणि थांबली. तोमाबेची फावडं घेऊन धावत आले, वाकून चाकाखाली बघितलं, ठोकून बघितलं. मी डाव्या दाराशी उभी होते. आईंनी पाय काढला. इंजिन तसंच चालू. त्यांची नजर हळूहळू खाली आली, दोन सीटच्या मध्ये, उभ्या राहिलेल्या दांडीवर. मी तो चेहरा बघायला नको होता. एकतीस वर्षांत तो चेहरा मी चिडलेला पाहिला, हसून लाल झालेला पाहिला, सासऱ्यांच्या चितेपुढे कोरडा पाहिला. असा नाही. फाट्यावर कोणाकडे निघालोय विचारताना जे होतं तेच होतं त्याच्यात, पण या वेळी त्यांना स्वतःला ते दिसत होतं.

"मागची गोठलीत," तोमाबेची उठत म्हणाले. "ब्रेक ओढलाय की काय कोणी?"

"मी ओढला," मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज मुळात बारीक, तो मला आणखी बारीक ऐकू आला. "फडकं राहिलं होतं, ते घ्यायला परत आत वाकले. हात गेला. सवय. मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा लाज वाटली, म्हणून नाही म्हणाले."

मग तोमाबेचींनी फावडं बर्फात रोवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हसायला लागले. "एकतीस वर्षं! थोरल्या बाई, ऐकलंत? एकतीस वर्षांनी परत! आता मला मरेपर्यंत विषय पुरला." ते किटली आणायला आत पळाले, आतूनही त्यांचं हसणं ऐकू येत होतं. आई हसत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, डोळे बारीक करून, बर्फात खुपसलेल्या दांड्याकडे बघतात तशा, किती खोल आहे म्हणून.

कोमट पाणी झालं, लाकडी हातोडीने चाकाच्या पोटावर टकटक झाली, गाडी पुढे-मागे डोलवून झाली. पावणेतास लागला. चाकं कट्कन सुटली तेव्हा तोमाबेचींनी टाळ्या वाजवल्या. आईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, उतरल्या, आणि गाडीला वळसा घालून माझ्यापर्यंत आल्या. एक हात गाडीवर टेकवत, जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा. माझ्यासमोर थांबून त्यांनी हातमोजा काढला आणि तळवा पुढे केला. त्यावर किल्ली.

"हिला शिकवायलाच हवं," त्या तोमाबेचींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "एवढी वर्षं झाली आणि अक्कल समुद्रातच. आज हीच चालवेल. मी बाजूला बसते."

मी घेतली नाही. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती, किल्लीच्या दातांवर पांढरं बसायला लागलं, त्यांच्या सुरकुत्यांत बसायला लागलं.

"घे ना," आई हळूच म्हणाल्या. "देतेय ना मी."

येतानाच्या आमच्याच चाकोऱ्या होत्या, अर्ध्या बुजलेल्या. मी स्टिअरिंग धरलं होतं, धरलंच होतं, बोटं पांढरी होईपर्यंत. आई डावीकडे, डोळे मिटून, हात मांडीवर. "सोड जरा. ताप बघ तिचा. हं. पाय बदलू नकोस. मागचं डावं निसटेल आता." निसटलं. "जाऊ दे त्याला. येईल. बाकीची तिघं आहेत." आलं. फाट्याच्या वळणावर मी आपसूक श्वास धरला; त्यांनी न बघता माझ्या गुडघ्यावर चापट मारली. वळलो तेव्हा बाण दिसत होते, एकामागून एक, सगळे खाली बोट दाखवत.

"मघाशी खोटं बोललीस," आई म्हणाल्या.

"हो."

"सकाळी त्याच्यापुढे बसून जे म्हणतेस, ते?"

"आजचं मोडलं."

"उद्याचं उद्या," त्या म्हणाल्या. त्या रोज ऐकत होत्या तर, शेजारच्या खोलीतून, एकतीस वर्षं.

मला पुढचं बोलायचं नव्हतं. गाडी एका तालात चालली होती, त्या तालाने ते माझ्यातून बाहेर काढलं. "आई, मला आवाज ऐकू आला होता. तुम्ही ब्रेक ओढलात तेव्हा. मी मुद्दाम बोलले नाही."

लार्चची रांग आली. या वेळी मलाही ती ऐकू आली, वाऱ्याच्या आत आणखी एक वारा, जाडसर, दातेरी. ती संपली तशी आईंनी डोळे उघडले.

"तुला ऐकू आला," त्या म्हणाल्या. "मला नाही आला ग. म्हणून तर तू चालव."

देवळाच्या अंगणात यजमान काठी टेकत दारात येऊन उभे राहिले होते. मला उजव्या बाजूला बसलेली बघून त्यांची काठी तशीच हवेत राहिली. मी गाडी छपराच्या कडेपासून दूर लावली, वरचं बर्फ पडेल म्हणून. पहिला गिअर. इंजिन बंद. सगळं शांत झालं. आणि माझा डावा हात, मला न विचारता, समुद्राकाठच्या त्या जुन्या उतारावरून आल्यासारखा, मधल्या दांडीकडे गेला.

तिथे आईंचा हात होता. उघडा, गार, दांडीवर पालथा ठेवलेला. कधीपासून होता कोण जाणे.